फिनेलकाकूंची टाकी

फिनेलकाकूंना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवतानाही एक गुडघा उभा आणि नजर दाराबाहेर. लग्न होऊन मी माझगावच्या चाळीत आले, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी मला हटकलं, "अगो सूनबाई, संडासात जाण्याआधी फिनेल ओत, नि निघतानाही ओत!"

काकूंचा नवरा टायफॉइडने गेलेला. पदरी एकुलता एक वसंता, गोदीत कारकून. घाणीने नवरा नेला, मुलगा तरी न्यायला नको, एवढ्या एका धास्तीवर ही बाई दिवसभर चाळभर धावायची. रडत बसणं त्यांना जमतच नसे.

आमच्या संडासांना गटाराची जोडणी नव्हती. मागच्या अंगणात, जमिनीखाली मैल्याची टाकी होती. काकू तिच्यात फिनेल, ब्लीचिंग पावडर, कधी ॲसिड, हाताला येईल ते ओतत. वास आला की दुप्पट ओतत. वास वाढतच गेला आणि काकूंच्या बाटल्याही. आम्ही कौतुक करायचो. भायखळ्याला भाजीला गेलं की त्यांच्यासाठी एखादी बाटली आणायचो. आपल्याला हात घाण करायला नकोत ना!

टाकी उपसणाऱ्याने एकदा त्यांना सांगून पाहिलं. "काकी, हिच्यात जिवंत जंतू असतात. तेच मैला खाऊन त्याचं पाणी करतात. तुम्ही त्यांनाच मारताय. मग टाकी तुंबणार नाय तर काय?"

"म्हणजे आता जंतू पाळू की काय मी?" काकू उसळल्या. त्या दिवशी आणखी दोन बाटल्या टाकीत गेल्या.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची सभा आमच्या अंगणात ठरली. "बाहेरची माणसं येणार, चाळीची अब्रू जायला नको," म्हणत काकूंनी फिनेलचा अख्खा डबा रिकामा केला. सभा दणक्यात झाली. दोन दिवसांनी शहर पेटलं, संचारबंदी लागली आणि नेमकी तेव्हाच टाकी तुंबून ओसंडली. उपसायची गाडी येईना. घाण पाणी थेट पिण्याच्या नळाखालच्या खड्ड्यापर्यंत आलं, नि पाणी भरायचं तर तिथूनच. काकू त्यातून अनवाणी येरझारा घालत होत्या आणि त्यावरही फिनेलच शिंपडत होत्या. मला त्यांचा संतापही आला आणि कीवही.

पंधरवड्याने वसंता तापाने अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला, तेव्हा काकूंनी हातातली बाटली खाली ठेवली.

वसंता वाचला. हाडांचा सापळा होऊन, पण वाचला. काकूंनी त्यानंतर बाटलीला हात लावला नाही. नुसतं पाणी आणि खराटा. टाकीही हळूहळू ताळ्यावर आली. चाळीत कुणी त्यांना तोंडावर काही बोललं नाही, पण फिनेलकाकू म्हणणंही सगळ्यांनी बंद केलं.

वर्षभराने वसंताने दादरला खोली घेतली. निघताना काकूंनी माझा हात घट्ट धरला. "त्यांना घाणीनं नेलं म्हणत जन्म काढला गो. लेकाला मात्र मीच घालवायला निघाले होते."

बाटल्या आम्हीही आणून देत होतो, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. मी वाकून नमस्कार केला आणि त्यांना जाऊ दिलं.