पाटसाहेब आणि सुझौचा एक दिवस

कुठलंही पाणी दिसलं की पाटसाहेब आधी विचारायचे, "याचं दार कुठे आहे?" पाणी धरणाचं असो, नळाचं असो, नाहीतर लग्नाच्या मांडवामागच्या पिंपातलं असो. दार म्हणजे ते सोडायची आणि अडवायची जागा. ती एकदा डोळ्यांनी पाहिली की माणूस शांत. नाही सापडली तर जेवण गोड लागायचं नाही. आमच्या ऑफिसात तोटीचा नवा माठ आणला तेव्हा सगळे गार पाणी प्यायला धावले. साहेबांनी आधी तोटी दोनदा फिरवून पाहिली आणि शिपायाला म्हणाले, "वायसर बदल. थेंब पडतोय. दिवसाला तांब्याभर जाईल." मग प्यायले.

ते कालवा निरीक्षक होते. नाशिककडे कालव्याला पाट म्हणतात, म्हणून शेतकऱ्यांनी त्यांना पाटसाहेब करून टाकलं, आणि पुढे ऑफिसातही तेच नाव चाललं. मी तिथे टायपिस्ट. सत्तर सालच्या आसपास नोकरीला लागले, आणि गंगापूर रोडच्या सरकारी क्वार्टर्समध्ये त्यांच्या शेजारची खोली मिळाली. मधे एकच भिंत, तीही असून नसल्यासारखी. त्यांच्याकडे कोथिंबीर चिरली तरी मला कळायचं. मला ते कधी नावाने हाक मारत नसत. "टायपिस्टबाई" म्हणत, आणि त्यात थोडी चेष्टा असे.

पाटावर ते नेहमी उलटे चालायचे. म्हणजे पाण्याच्या वरच्या अंगाला, प्रवाहाला सामोरे. सकाळी सायकल घेऊन थेट पाटाच्या शेवटाला, टेलाला, जायचे आणि तिथून वर चालत यायचे. "धरणाकडून खाली आलात की सगळीकडे पाणीच पाणी दिसतं. टेलाकडून वर चाला. पाणी जिथे भेटेल, तिथेच चोर बसलाय," हे त्यांचं शास्त्र. निफाडच्या अंगाचा एक म्हातारा शेतकरी ऑफिसात येऊन मला म्हणाला होता, "बाई, ह्यो मानूस लय खडूस हाय. पण आमच्या टेलाला पानी येतंय ते त्याच्यापायीच. दुसरा कुणी असता तर आमी कवाच गाव सोडलं असतं." मी हे साहेबांना सांगितलं. त्यांना खडूस म्हटल्याचाच जास्त आनंद झाला.

आता या सगळ्यात काकूंचं काय व्हायचं, ते भिंतीपलीकडून मीच ऐकत होते. काकू म्हणजे त्यांची बायको. माहेर नांदगावचं. त्या बाजूला पाणी म्हणजे रांग. लहानपण हंडा घेऊन उभं राहण्यात गेलेलं. लग्न होऊन पाटाच्या साहेबाच्या घरात पडल्या तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या असतील, सुटलीस बाई. पाणी मिळालं खरं, नवरा मिळाला नाही. दिवाळीत आवर्तन, म्हणजे पाटाला पाणी सोडायची पाळी, संक्रांतीत आवर्तन, काकूंच्या सख्ख्या भावाच्या लग्नात पाट फुटल्याचा निरोप आला आणि हे पंगतीतून उठून गेले. एकदा काकू नवं पातळ नेसून हौसेने त्यांच्याबरोबर पंचवटीच्या घाटावर फिरायला गेल्या. साहेबांनी पाण्यात गवताची काडी टाकली, बोटांवर आकडे मोजले आणि म्हणाले, "आज जास्त सोडलंय. कोणी सोडलं? तू भेळ खा, मी आलो." आले ते दीड तासाने. तोवर काकूंनी त्यांच्याही वाटणीची भेळ खाल्ली होती. घरी येऊन मला म्हणाल्या, "शैला, सवत बाई असती तर भांडले असते गं. पाण्याशी काय भांडू?" हसूनच म्हणाल्या, पण मला ते हसू काही बरं वाटलं नाही.

मग ऐंशी सालानंतर तीन-चार वर्षांनी ते नवल घडलं. काही इंजिनिअर मंडळी चीनमधले कालवे पाहायला अभ्यासदौऱ्यावर निघाली होती. त्यांच्यासोबत प्रत्यक्ष पाटावर काम करणारा एक माणूस पाठवा, असं वरून पत्र आलं, आणि आमच्या मोठ्या साहेबांनी पाटसाहेबांचं नाव कळवून टाकलं. ज्या माणसाने नांदगावपलीकडे रेल्वे पाहिली नव्हती तो विमानाने चीनला. मीच त्यांचे सगळे कागद टाइप केले. दौऱ्याची एक इंग्रजी पुस्तिका आली होती, रंगीत फोटोंची. दोन आठवडे धरणं, पंप, बंधारे, आणि शेवटी एक दिवस मोकळा, सुझौ नावाच्या गावात फिरण्यासाठी. हजारो वर्षांचं जुनं गाव, गल्लीगल्लीतून कालवे. फोटोत पांढऱ्या भिंतींची घरं, प्रत्येक घराच्या मागच्या दाराला पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीवर एक बाई भाजी धूत बसलेली.

तो फोटो काकूंनी माझ्या हातातून घेतला तो बराच वेळ सोडला नाही. "ही बाई बघ. चार पायऱ्या उतरली की पाणी. हंडा नाही, रांग नाही," म्हणाल्या. त्या रात्री भिंतीपलीकडून मी त्यांचं बोलणं ऐकलं. चोरून ऐकलं म्हणा हवं तर. "अहो, मी आजवर काही मागितलं नाही. या एका गावात तुम्ही कामाचं काही बघू नका. माझ्यासाठी बघा. घरं कशी, बाया काय करतात, पाण्याला वास कसला येतो, सगळं. एक दिवस माणसासारखे फिरा, आणि मला येऊन सांगा. मी काही तिथे जाणार नाही. तुम्ही सांगाल तेवढंच माझं." साहेब म्हणाले, "तुझी शपथ." काकूंनी थंडीसाठी विणलेला तपकिरी मफलर दुसऱ्या दिवशी स्वतः त्यांच्या गळ्यात बांधला. निघताना साहेबांचा चेहरा परीक्षेला बसणाऱ्यासारखा झाला होता.

परत आले ते रविवारी रात्री उशिरा. सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी माझ्या टेबलापाशी उभे. ती पुस्तिका त्यांनी टाइपरायटरवर ठेवली. "टायपिस्टबाई, यातलं सुझौचं पान मराठीत सांगा. संध्याकाळपर्यंत पाठ करायचंय."

मी म्हटलं, "तुम्ही स्वतः जाऊन आलात ना?"

"आलो." मग खुर्ची ओढून बसले आणि घडलं ते सांगितलं.

सकाळी सगळे बसमधून उतरले. पुढे एक प्रसिद्ध जुनी बाग होती, मंडळी आत गेली. हे म्हणाले, पुलावर एक बिडी ओढून येतो. खरंच बिडीच ओढणार होते. पण काडी विझवून खाली पाण्यात टाकली आणि ती हललीच नाही. "टायपिस्टबाई, कालवा आणि पाणी हलत नाही? मी मनाला म्हटलं, बघायचं नाही. शपथ आहे. पन्नासपर्यंत मोजलं, काडी तिथेच. मग वाटलं, दहा पावलं जाऊन यावं." ती दहा पावलं दुपारपर्यंत चालली. या गल्लीतून त्या गल्लीत, कमानीच्या पुलांवरून, कालव्याच्या कडेकडेने. वाटेत घरं होती, बाया होत्या, भाज्यांच्या होड्या होत्या. यांच्या डोळ्यांत एकही शिरलं नाही.

शेवटी दार सापडलं. दोन दगडी खांब, त्यांच्या खाचांमध्ये एकावर एक बसवलेल्या लाकडी फळ्या. "आपल्या पाटाच्या जुन्या चारीवर असतं ना, तस्संच." एक फळी झिजली होती आणि तिथून पाणी जात होतं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी नाही. बूट काढले, पँट वर केली, खाली उतरून फळी ठोकून बसवली. फट राहिलीच. चिखल लावला, टिकेना. तेव्हा गळ्यातला मफलर काढला, पिळा घातला आणि फटीत ठासून भरला.

तेवढ्यात त्या दाराचा राखणदार आला. म्हातारा, निळ्या कोटातला. आधी त्याने आरडाओरडा केला. मग वाकून फटीवर तळवा धरला, साहेबांच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं आणि हसत सुटला. त्याच्या हातात खुणा पाडलेली पाणी मोजायची काठी होती. उरलेला अख्खा दिवस दोघे त्या दारावर बसून होते. झाकणाच्या बरणीतला चहा प्यायले, एकमेकांच्या बिड्या-सिगारेटी ओढल्या. "भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं. पण बोललो खूप. त्यालाही टेलाचा त्रास आहे," साहेब अगदी खात्रीने म्हणाले. संध्याकाळी शोधत आलेल्या दुभाष्याने त्यांना उचलून बसमध्ये घातलं. इंजिनिअरांनी शिव्या दिल्या त्या वेगळ्याच.

मी म्हटलं, "साहेब, हेच सांगा ना काकूंना. किती छान आहे."

ते खाली बघत राहिले. "पंचवीस वर्षांत तिनं एकच गोष्ट मागितली. तिथेही मी दारावरच जाऊन बसलो, हे कोणत्या तोंडानं सांगू? मला लाज वाटते हो." त्यांचे डोळे भरून आले होते. पाटावर गुंडांशी मारामारी केलेला हा माणूस. मी पुस्तिका उघडली.

त्या दिवसापासून आमचा तो उद्योग सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीत मी वाचायचे, ते पाठ करायचे, आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला घरी जाऊन काकूंना सुझौ सांगायचे. पहिल्या दिवशी बाग, दुसऱ्या दिवशी पूल, तिसऱ्या दिवशी रेशीम. पण काकू प्रश्न विचारायच्या, आणि त्यांची उत्तरं पुस्तिकेत नसायची. "त्या बाया भांडी कशाने घासतात?" साहेब दुसऱ्या दिवशी घाबरेघुबरे माझ्याकडे. आम्ही विचार करून राख ठरवली. "पाण्याला वास कसला होता?" यावर दोन दिवस गेले. शेवटी शेवाळ आणि तळलेला लसूण यावर आमचं एकमत झालं. "आणि माझा मफलर?" त्यावर साहेबांनी स्वतःच्या मनाने उत्तर दिलं, बसमध्ये विसरला म्हणून. पुस्तिका महिन्याभरात संपली, गाव काही संपेना. पुढे साहेबांना सवय झाली आणि ते माझ्याशिवायच गल्ल्या बांधू लागले. कुठल्या पुलाखाली कोण राहतं, कोणाच्या सुनेचं सासूशी पटत नाही, इथवर मजल गेली. चार वर्षं, आवर्तनाचे दिवस सोडले तर, संध्याकाळी त्यांच्या घरात चहा आणि सुझौ ठरलेलं. मी भिंतीला टेकून ऐकायचे. मजा वाटायची, आणि काकूंना आपण फसवतोय हे टोचायचंही.

निवृत्तीला सात महिने राहिले असताना पाटसाहेब गेले. आजार लहानसा वाटला होता, आठ दिवसांत संपलं. निफाडच्या अंगाचा तो म्हातारा शेतकरी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आला होता. क्वार्टर्समागच्या पाटाच्या कडेला जरा वेळ उभा राहिला आणि गेला.

क्वार्टर सोडायची होती. काकू नांदगावला भावाकडे निघाल्या. मी सामान बांधायला गेले. डबे, भांडी, साहेबांची सायकल कोणाला द्यायची ते ठरवून झालं. दोघी रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून चहा पीत बसलो. मला राहवेना. मी म्हटलं, "काकू, मला तुम्हाला एक सांगायचंय. सुझौचं."

"ते सगळं पुस्तकातलं होतं, हेच ना?" काकू म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला.

"मला पहिल्या संध्याकाळीच कळलं. ह्यांनी बाग सांगितली, तळं सांगितलं, तळ्यातले मासे सांगितले. आणि त्या तळ्याचं दार कुठे आहे, ते सांगितलं नाही. हे असं होईल का कधी, शैला?"

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? रोज सहाला घरी येत होते. समोर बसून माझ्याशी बोलत होते. दुपारभर मेहनत करून माझ्यासाठी गाव रचून आणत होते. संसारात एवढं माझं कधी कोणी केलं नव्हतं. ते मी माझ्या हाताने मोडू?" त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून नीट मांडी घालून बसल्या. "पण खरं काय झालं ते तुला माहीत असणार. आता सांग. दार कुठे होतं?"

मी सगळं सांगितलं. न हललेली काडी, दहा पावलं, दगडी खांब, झिजलेली फळी, निळ्या कोटाचा म्हातारा. आणि शेवटी फटीत ठासलेला मफलर.

काकूंनी आपला कप माझ्या कपाशेजारी ठेवला. मग म्हणाल्या, "गळायचं थांबलं का?"

"थांबलं. थेंबभरही नाही, असं म्हणाले होते."

"लोकर चांगली होती ती," काकू म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या.