उपड्या घागरी

बैल थांबले. रस्त्यात दहा-बारा बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर घागर, उपडी.

"तुम्हाला साहेब समजल्या," गाडीवान हसनभाई म्हणाले. "ती हॅट काढा."

काढली. उशीर झाला होता.

रेवदंड्याला खाडी होडीनं ओलांडावी लागते, दोन आणे. पलीकडे मुरुडची एसटी चुकली तर बैलगाडी. पाणी सोबत घ्यावं. मी घेतलं नव्हतं. काशीदच्या पुढं कुठं तरी मागू, असा विचार केला होता.

सर्वांत पुढं हिराबाय होती, साठीची. "बाव खारी झाली," ती म्हणाली. गावाला ती एकच विहीर.

हसनभाईंनी उलगडून सांगितलं. खोती होती तेव्हा बायका अशाच खोताच्या दारात उभ्या राहत. खोत शिव्या देई आणि आठवड्यात विहीर उपसून घेई. खोती गेली. आता कुठल्या दारात उभं राहायचं ते कुणाला ठाऊक नाही, म्हणून रस्ता.

"मी सरकारचा नाही, बाई. कॉलेजात शिकवतो."

"लिवता येतं ना?"

गाडीवरच वही टेकवून अर्ज लिहिला. सगळ्यांचे अंगठे घेतले.

"निवडणुकीला खोत उभा हाय," हिराबाय अंगठा पदराला पुसत म्हणाली. "मत त्यालाच."

"वेठीला आला नाही म्हणून तुझ्या भावाला त्यानं झाडाला बांधलं होतं," हसनभाई म्हणाले.

"व्हय. दोरी मीच सोडली. पन बाव बी त्यानंच उपसली. हसनभाय, तुमच्या सरकाराचं तोंड कुठं हाय, त्ये तरी दावा."

"माझं सरकार? माझं ऐकत न्हाय हा डावा बैलसुद्धा!"

बायका हसल्या. मला बरंच सांगता आलं असतं. तहान लागली होती. पाणी मागितलं नाही.

मुरुडच्या खाणावळीत बांगड्याचं कालवण चांगलं मिळतं. एकटाच जेवलो. कचेरीत कारकुनानं अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली. ती हिराबायला द्या म्हणून मी हसनभाईंच्या हातात ठेवली.

"अशा तीन हायत तिच्याकडं," ते म्हणाले. "डब्यात जपून ठेवल्यात." तरी त्यांनी ती घडी करून टोपीत घातली.

परतताना एसटी मिळाली. हॅट पिशवीत होती. त्या गावापाशी रस्ता मोकळा होता, गाडी थांबली नाही. रेवसहून लाँच, मग गिरगावातली खोली, कुलूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नळ आला. मी घागर भरली आणि नळ बंद केला.