दहा मिनिटांचं पान

ऑर्तेन्सिया बोहोर्केझ हे तिचं पूर्ण नाव फक्त पगाराच्या चेकवर असे. बाकी सगळ्यांची ती टेन्चा. सव्वीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. मागच्या बाकावर कोण कोणाला चिमटा काढतंय, हे ती रस्त्यावरची नजर न हलवता सांगायची. त्या सव्वीस वर्षांत मुलांविषयी तिचं जे मत झालं, ते पुढे कधी सुधारलं नाही. आईबाप तिने रोज सकाळी थांब्यावर पायजम्यात उभे असलेले पाहिले होते, आणि त्यांच्याविषयी अधिक काही जाणून घ्यावं असं तिला वाटलं नव्हतं.

साठीला बस सुटली. तांब्याची खाण बंद पडल्यापासून गावात नोकऱ्या दोनच: सीमेवरच्या गस्तीच्या गाड्या धुवायच्या, नाहीतर गावाबाहेरच्या राखीव क्षेत्रात येणाऱ्यांना वाळवंट दाखवायचं. गाड्या धुवायला दणकट माणूस लागतो, म्हणून टेन्चाला वाळवंट मिळालं.

येणाऱ्यांच्या हातात बादलीएवढ्या पाण्याच्या बाटल्या असत. वाळवंट नेमकं कुठून सुरू होतं, असं ते वाळवंटात उभं राहून विचारत. प्राणी किती वाजता सोडतात, हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी यायचा. टेन्चा सांगे, पाचला सोडतो. चारला दार बंद व्हायचं.

मुलांना एक पुस्तिका मिळे, बारा पानांची. कासव रंगवा, पाऊलखुणा जुळवा, असला मजकूर. शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं: एका झाडाखाली दहा मिनिटं न बोलता बसा आणि जे ऐकू आलं ते लिहा. मग टेन्चाने सही करायची, शिक्का मारायचा, मुलाने उजवा हात वर करून वाळवंटाच्या रक्षणाची शपथ घ्यायची, आणि त्याच्या छातीवर प्लास्टिकचा बिल्ला लागायचा. असे बिल्ले देशभरच्या राखीव क्षेत्रांत मिळत, आणि काही घरं ते जमवत फिरत. प्रत्यक्षात हे शेवटचं पान आईबाप गाडीच्या बॉनेटवर ठेवून भरत. काही कष्टाळू बाप अक्षर लहान मुलाचं वाटावं म्हणून डाव्या हाताने लिहीत. नऊ वर्षं टेन्चाने या पानांवर न वाचता सह्या केल्या. वाचत बसली असती तर कोणाशी तरी भांडण झालं असतं, आणि भांडणाच्या लायकीचं माणूस तिला क्वचितच भेटे.

एप्रिलमधल्या एका शनिवारी तिचं पेन अडलं. ते चालतंय का पाहायला तिने पानाच्या कोपऱ्यावर रेघा ओढल्या आणि नजर मजकुरावर गेली. कोल्ह्याची कुई, घुबडाचा घुत्कार, झऱ्याची खळखळ. तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले होते. तिकिटावर सव्वादोनचा शिक्का. तिथल्या घळीत शेवटचं पाणी गेल्या ऑगस्टमध्ये आलं होतं आणि चार तासांत आटलं होतं.

समोर मिनेसोटाहून आलेलं हाल्वर्सन कुटुंब होतं. बापाच्या टोपीला मानेवर पडणारा पडदा होता. आई फोनमध्ये होती. तेरा वर्षांची सिग्ने भिंतीला टेकून उभी होती. ती चाळिसाव्या बिल्ल्यावर निवृत्त झाली होती. नऊ वर्षांच्या आंडर्सच्या जाकिटावर मात्र एकोणसाठ बिल्ले होते, लढाई न करता निवृत्त झालेल्या सेनापतीसारखे. साठावा हा. उद्या सकाळचं विमान, आणि सोमवारी त्यांच्या गावचं वर्तमानपत्र साठ बिल्ल्यांसकट त्याचा फोटो काढणार होतं, असं बापाने न विचारता सांगून टाकलं होतं.

"झरा कुठे ऐकलास, बाळा?" टेन्चाने विचारलं.

आंडर्सने बापाकडे पाहिलं.

"मुलांची कल्पनाशक्ती हो, मॅडम," हाल्वर्सन म्हणाला.

"कल्पना नऊ वर्षांची असेल. अक्षर पन्नाशीचं आहे."

सिग्ने फस्सकन हसली. बाप म्हणाला की आजवर कुठेच कोणी असं अडवलं नाही. टेन्चाने ते मान्य केलं. मग तिने मुलाच्या जाकिटाकडे बोट करून विचारलं की यातल्या किती बिल्ल्यांसाठी तू स्वतः बसलास. आंडर्सने खाली मान घालून छातीकडे पाहिलं, जणू मोजायला वेळ लागणार होता. "शेवटचं पान बाबा गाडीत करतात," तो म्हणाला. "मला ते जमेल का ठाऊक नाही. पण हा मला माझा हवाय."

हाल्वर्सनला ते शेवटचं वाक्य फोटोखाली छापण्यासारखं वाटलं असावं. दहा मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय, आपण सगळे मिळून बसू, असं त्याने जाहीर केलं. कोणी तोंड उघडलं तर घड्याळ पुन्हा शून्यावर, ही अट टेन्चाने बाहेर पडता पडता घातली.

मंडळी हिरव्या सालीच्या पालोवेर्दे झाडाखाली बसली. एक मिनिट चाळीस सेकंदांनी हाल्वर्सन कुजबुजला की कोणाची तरी गाडी चालू होत नाहीये बहुतेक. टेन्चाने सांगितलं की ती गाडी नाही, पक्षी आहे, ॲरिझोनाचा राज्यपक्षी, त्याचं गाणंच तसं आहे. घड्याळ शून्यावर.

दुसऱ्या खेपेला तो आरामात बसावं म्हणून जरा मागे सरकला. मागे चोयाचं निवडुंग होतं. चोयाला नुसता हात लागायचा अवकाश, त्याचा काटेरी गोळा झाडाला सोडून माणसाला धरतो. हाल्वर्सनने जे शब्द काढले ते नऊ वर्षांच्या मुलासमोर काढण्यासारखे नव्हते. गावातल्या प्रत्येक माणसाप्रमाणे टेन्चाच्याही खिशात या कामासाठीच एक कंगवा असे. तिने तो त्याच्या पाठीला लावला आणि गोळा एका झटक्यात उडवला. हे काम हळूही करता येतं.

तिसऱ्यांदा सहा मिनिटं नीट गेली. मग आईचा फोन थरथरला आणि तिने तो उचलून दबक्या आवाजात सांगितलं, "आत्ता बोलता येत नाही, आम्ही गप्प बसलोय."

साडेतीन होऊन गेले होते. आंडर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे दोघं असले की होतच नाही," तो टेन्चाला म्हणाला.

"मग घालव त्यांना."

"मी?"

"बिल्ला मला नकोय."

सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून तो आता रडेल, असा तिचा हिशेब होता. पण तो उठला, आईबापांकडे गेला आणि तुम्ही गाडीत बसा म्हणाला. हाल्वर्सनने त्याला संघभावना समजावून सांगितली, मग घड्याळ दाखवलं, मग विमानाची आठवण केली. पोरगा तेच वाक्य पुन्हा म्हणत राहिला. शेवटी दोघं गेली. सिग्ने म्हणाली की तापलेल्या गाडीत त्यांच्याबरोबर बसण्यापेक्षा ती इथे मेलेली बरी, आणि थोडी दूर मांडी घालून बसली.

टेन्चाने घड्याळ लावलं. पाच मिनिटं गेली, सहा गेली. मुलाच्या नाकावर माशी बसली. आठव्या मिनिटाला गाडीचा हॉर्न वाजला. जरा थांबून दोनदा, लांब.

हॉर्न काय करतो हे टेन्चाइतकं कोणाला ठाऊक नसेल. हॉर्न ऐकून जागेवर राहिलेलं पोर तिने पाहिलं नव्हतं. हा उठेल याची तिने वाट पाहिली, आणि तो उठला असता तर तिला बरं वाटलं असतं. आंडर्सचे खांदे कानांपर्यंत चढले. ओठ त्याने दातांखाली धरले. खांदे हळूहळू खाली आले. दहा मिनिटं झाली तेव्हा तिलाच ते सांगावं लागलं.

त्याने बापाचा मजकूर खोडून खाली लिहिलं: माशी. ताईचं पोट. गाडीसारखा पक्षी. बाबांचा हॉर्न, तीन वेळा. मग काहीच नाही. मग परत माशी.

चारला पाच मिनिटं कमी असताना सगळे टेबलापाशी जमले. हाल्वर्सनने पान वाचलं आणि त्याचा चेहरा लांबला. हे पान चौकटीत बसवून दिवाणखान्यात लागणार, त्याने समजावलं. त्यात हॉर्न शोभत नाही, निदान तेवढा पुसावा. पक्षी राहू दे. त्याने पेन्सिलीचं मागचं रबर पुढे केलं. आंडर्सने पानावर कोपर ठेवलं.

"बाजूला हो, राजा. एकच ओळ आहे."

"तेच ऐकू आलं, बाबा."

"हो, पण लोकांना काय कळणार त्यातून?"

टेन्चाने मुलाचं कोपर दोन बोटांनी उचललं आणि शिक्का बरोब्बर हॉर्नच्या ओळीच्या डोक्यावर हाणला. शाई ओली होती. शिक्का पडल्यावर खाडाखोड चालत नाही, तिने सांगितलं, नियम आहे. असा नियम कुठे नव्हता.

"कुठे लिहिलाय?" हाल्वर्सनने विचारलं.

तिने दाराजवळच्या मांडणीकडे बोट दाखवलं. तिथे सहा भाषांतली माहितीपत्रकं होती, कीटकांची वेगळी. तो गेला आणि पहिल्यापासून चाळू लागला. तो सापांच्या माहितीपर्यंत पोचला तेव्हा त्याच्या पाठीमागे आंडर्सने उजवा हात वर केला होता आणि शपथ अर्धी म्हणूनही झाली होती.