पंचवीस गाड्या आणि न संपणारा हिशेब

ठाकुर्लीच्या आमच्या सोसायटीत गाड्या पंचवीस आणि पार्किंगच्या जागाही पंचवीस. दर एप्रिलमध्ये स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, निघेल ती जागा वर्षभर घ्यायची, आणि कोणाची अडचण असेल तर आपसात अदलाबदल करायची. अर्ध्या तासाचं काम. गेल्या वर्षी सेक्रेटरींना ते मागासलेलं वाटलं. हे गृहस्थ पस्तिशीचे, आयटीतले, आणि शिकलेलं सगळं दुसऱ्यांच्या अंगावर सांडणारे. त्यांनी प्रत्येकाची पसंती लिहून घेतली आणि एक प्रोग्राम लिहिला. तो पंचवीस गाड्यांच्या सगळ्या शक्य मांडण्या एकेक करून तपासणार आणि सर्वांत न्याय्य मांडणी काढणार होता. या कामाला क्षणात उत्तर देणारी पद्धत आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

जिन्याखालच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तो सुरू झाला. त्यावर 'बंद करू नये' असा कागद चिकटला, इन्व्हर्टर जोडला गेला, कोणीतरी हळदकुंकूही वाहिलं.

तो थांबेपर्यंत ज्याची त्याची जुनी जागा चालू. आमची पंपाच्या खोलीमागे, लिफ्टपासून अठ्ठ्याण्णव पावलं. त्या मार्चमध्ये हिच्या मांडीच्या हाडात पट्टी बसवली होती. वॉकर घेऊन तेवढं अंतर जाताना ती दोनदा थांबायची. एकदा पंपाजवळच्या ओल्या फरशीवर पडता पडता वाचली. पुन्हा पडलात तर पुन्हा ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लिफ्टला लागून असलेली जागा सेक्रेटरींची होती.

तीन महिन्यांनी सभेत मी विचारलं, "हा थांबणार कधी?"

"काका, ते कोणीच सांगू शकत नाही," ते हसून म्हणाले. "प्रोग्राम थांबेल की नाही, हे आधी ठरवता येत नाही. गणितात सिद्ध झालंय. हॉल्टिंग प्रॉब्लेम म्हणतात त्याला."

माना डोलल्या. न कळलेल्या गोष्टीला मान डोलावणं हा आमच्याकडे सुशिक्षितपणा आहे.

मी आठवडाभर वाचलं. निघालं ते एवढंच: जगातल्या प्रत्येक प्रोग्रामबद्दल अचूक उत्तर देईल अशी एकच पद्धत असू शकत नाही. समोरच्या एका प्रोग्रामबद्दल काहीच सांगता येत नाही, असं त्यात कुठेही नाही. शिवाय ते प्रमेय ज्या काल्पनिक यंत्राचं, त्याच्याकडचा आकडेमोडीचा कागद, म्हणजे मेमरी, कधीच संपत नाही. आमच्या यंत्राची मेमरी आठ जीबी, आणि पंख्यात झुरळं.

पुढच्या सभेत मी हिशेब वाचून दाखवला. "मांडण्यांचा आकडा सव्वीस अंकी आहे. पडद्यावरची मोजणी सेकंदाला एक कोटीने वाढते, मी घड्याळ लावून पाच वेळा पाहिलं. म्हणजे सुमारे चार हजार नऊशे कोटी वर्षं. प्रोग्राम नक्की थांबणार आहे. फक्त तोवर कॉम्प्युटर नसेल, इमारत नसेल, सूर्यही नसेल."

"म्हणजे थिअरीत थांबतो ना? मग झालं तर!" सेक्रेटरी म्हणाले.

"अहो, इतके दिवस चाललाय," पहिल्या मजल्यावरचे एक इंजिनियर म्हणाले, "आता थोडंच राहिलं असेल. बंद केला आणि उद्याच संपणार असला तर?"

चालू ठेवावा, असं एकोणीस विरुद्ध चार मतांनी ठरलं. त्या एकोणिसांत इंजिनियर सहा.

घरी येऊन मी सभांची इतिवृत्तं काढली, दोनदा वाचली. 'वाटप प्रोग्रामप्रमाणे होईल' एवढाच ठराव. तोवर जुन्या जागा, हे कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी हिला फिजिओथेरपीहून आणलं आणि गाडी सरळ लिफ्टजवळ लावली. संध्याकाळी सेक्रेटरी हॉर्न वाजवत आले.

"काका, ही माझी जागा आहे."

"प्रोग्रामने सांगितलं?"

"अहो, तो अजून चालूय."

"मग कोणाची ते ठरायचंय."

ते ठराव शोधायला ऑफिसात गेले, रिकाम्या हाताने आले आणि गाडी पंपामागे घेऊन गेले. चौथ्या दिवशी चिठ्ठ्यांसाठी सभेची नोटीस लागली. कारण 'तांत्रिक', सही त्यांचीच.