कुरतडलेली पानं

"पान कुरतडलेलं दिसलं की मला बरं वाटतं, कुणीतरी जेवून गेलं," असं रफूताई एकदा म्हणाल्या, तेव्हा तळमजल्यावरच्या कंपाउंडरना वाटलं, बाईंचं डोकं जरा सटकलंय.

वाटणं साहजिक होतं. इस्पितळाच्या धुलाईखात्यात एकतीस वर्षं ज्या बाईने चादरींची, अभ्र्यांची, डॉक्टरांच्या कोटांची भोकं बुजवली, तिनेच भोकांचं कौतुक करावं? रफू इतकी बारीक, की दुसऱ्या दिवशी त्यांची त्यांनाच जागा सापडत नसे. गळ्यात काळ्या दोऱ्याला एक भिंग असायचं. निवृत्त झाल्या त्या दिवशी खात्याने ते त्यांनाच देऊन टाकलं, आणि ताईंनी ते गळ्यातून काढलंच नाही.

इमारतीची मागची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये मातीचा एक पट्टा होता. दोन खाटा आडव्या मावतील एवढा रुंद. फुटकी बेसिनं, रंगाचे वाळलेले डबे, कुणाची तरी तीन चाकांची सायकल, असा सगळा कचरा तिथे. ताईंनी वर्षभर खपून तो उपसला. आता गुलाब लागणार, म्हणून बिऱ्हाडं वाट बघत बसली. ताईंनी लावली रुई, टाकळा, आघाडा आणि कमरेइतकं उंच गवत.

"अहो, हे तर रस्त्याच्या कडेला आपोआप उगवतं!" तिसऱ्या मजल्यावरचे टाइल्सवाले वरून ओरडले.

"म्हणून तर लावलं," ताई खालून म्हणाल्या. "इथल्या पाखरांना, किड्यांना याचीच चव ठाऊक. तुमचा परदेशी गुलाब म्हणजे त्यांच्यापुढे ठेवलेलं रिकामं ताट."

कंपाउंडरांची मागची खिडकी नेमकी त्या पट्ट्यावर उघडायची. म्हणजे उघडायला हवी होती. बायको गेल्यापासून तीन वर्षं ती बंदच होती. कचऱ्याकडे तोंड करून एकट्याने चहा कशाला प्यायचा? एका सकाळी काचेवर टकटक झाली. बघतात तर एक बुलबुल स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत होता. त्याचं भांडण मिटवायला म्हणून त्यांनी खिडकी उघडली, ती उघडीच राहिली. मग चहाचा कप तिथे आला, मागोमाग खुर्ची आली. गवतावर चिमुकल्या मुनिया झुलायच्या, रुईवर नारिंगी फुलपाखरं उतरायची. घरात पुन्हा कुणाची तरी ये-जा सुरू झाल्यासारखं वाटायचं.

याबद्दल ताईंचे आभार मानायचे राहून गेले होते. शब्द जुळायचे, पण ताई समोर आल्या की कंपाउंडर पाण्याच्या टाकीविषयी बोलायचे.

तशात टाइल्सवाल्यांनी टूम काढली. पट्ट्यात साप येतील, डास होतील. फरशी घालून टाकू. रविवारी बैठक ठरली. ताई एवढंच म्हणाल्या, "आधी सगळ्यांनी मागे या. रुईवर फुलपाखरं दाखवते. मग काय ते ठरवा." आणि नेमकं त्याच आठवड्यात लेकीचं बाळंतपण आलं. पिशवी खांद्याला लावून त्या कंपाउंडरांच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ, पाणी तेवढं घाला. बाकी काही करू नका."

उपकार फेडायची अशी संधी पुन्हा कुठली यायला! दुसऱ्याच दिवशी कंपाउंडरना रुईवर अळ्या दिसल्या. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, खादाड. रविवारपर्यंत झाडाचे खराटे होतील, मग लोकांना काय दाखवायचं? त्यांनी दवाखान्यातला जुना चिमटा काढला, बरणीत साबणाचं पाणी केलं आणि एकेक अळी टिपली. एक्केचाळीस निघाल्या. शेवटी ओल्या फडक्याने पानं वरून-खालून पुसली. रुई कधी नव्हती इतकी चकचकीत दिसायला लागली.

शुक्रवारी संध्याकाळी ताई परतल्या. नात झाली होती, चेहरा उजळलेला. कंपाउंडरांनी त्यांना पिशवीसकट मागे नेलं.

"बघा! एक पान कुरतडलेलं दाखवा."

ताईंनी पानं पाहिली. मग बरणी पाहिली.

"भाऊ, हे काय?"

"अळ्या! एक्केचाळीस. फस्त केली असती त्यांनी रुई."

"त्यांच्यासाठीच लावली होती."

कंपाउंडरना कळेना.

"दोन आठवड्यांनी यांचीच फुलपाखरं झाली असती, भाऊ. काहींचे रविवारपर्यंत कोष तरी झाले असते."

अळीचं फुलपाखरू होतं हे कंपाउंडर शाळेत शिकले होते. पण पुस्तकातली अळी ही, आणि खिडकीतलं फुलपाखरू ते, ही गाठ त्यांनी सत्तर वर्षांत कधी मारलीच नव्हती. ते तिथेच पायरीवर बसले.

ताईंनी भिंग डोळ्याला लावलं, पानं उलटून पाहिली. "पुसलीसुद्धा?"

"ओल्या फडक्याने."

"म्हणजे अंडीही गेली." त्यांनी भिंग खाली सोडलं. मग ओठाच्या कोपऱ्यात हसल्या. "कंपाउंडर तो कंपाउंडर. झाड निर्जंतुक करून ठेवलंत."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कंपाउंडरना दोन दिवस वाटत राहिलं.

रविवारी सकाळी सगळे मागे जमले. रुई हिरवीगार, स्वच्छ. वर एक चिलट नाही. टाइल्सवाले खूश. "वा! याच्यापेक्षा जास्त किडे माझ्या दुकानात असतात. चला, झालं बघून."

जिन्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या. ताई मागच्या दाराजवळ बसल्या. कंपाउंडरांनी वाट पाहिली, त्या आता सांगतील, मग सांगतील. ताईंनी त्यांचं नावही काढलं नाही. हात वर करायची वेळ आली तेव्हा कंपाउंडरच उठले.

"थांबा. फुलपाखरं होती. मी मारली."

"काका, काय बोलताय?"

"अळ्या होत्या, एक्केचाळीस. मला वाटलं, कीड. ताईंनी सांगितलं होतं, पाण्याशिवाय काही करू नका. मला राहवलं नाही." त्यांनी आपल्या खिडकीकडे हात केला. "तीन वर्षं माझी मागची खिडकी बंद होती. ताईंनी कचरा उपसला आणि ती उघडली. त्याचे आभार मानायला गेलो, तर हे केलं. चूक माझी. शिक्षा मातीला नको. एक वर्ष द्या."

 मग दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "काका, दवाखान्यात औषधं तरी बरोबर देत होतात ना?" आणि जिना हसण्याने भरला.

हात मोजले. नऊ विरुद्ध सहा. पट्टा वर्षभर राहणार होता.

"ठीक आहे," टाइल्सवाले म्हणाले, "पण ताई आता दर महिन्याला नातीकडे जाणार. मागे जबाबदारी कुणाची?"

"माझी," कंपाउंडर म्हणाले.

"अरे बापरे! अळ्यांनो, आत्ताच विमा उतरवा!"

पुन्हा हशा झाला, पण सगळ्यांच्या माना ताईंकडे वळल्या. ताई उठल्या. कंपाउंडरांसमोर आल्या. गळ्यातला काळा दोरा डोक्यावरून काढला, भिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं, बोटं मिटवली आणि मागच्या दाराने रुईकडे निघून गेल्या.