इनास मेस्ताचं चौथं कडवं

इनास मेस्त मंगळवारी सकाळी गेले. व्हायोलिनच्या तारा बदलत होते. दोन बदलून झाल्या, तिसरी हातातच राहिली. रविवारी आमच्या कपेलाचं, वाड्यावरच्या छोट्या चर्चचं, फेस्त होतं, म्हणजे वर्षाचा सण. साडेतीनला तियात्र, म्हणजे आमचं गाण्यांचं कोंकणी नाटक, आणि त्यात मेस्तांचं नवं कांतार, नवं गाणं. इतकी कामं टाकून हा माणूस गेलाच कसा, हे मला अजून कळलेलं नाही.

आमच्या दारासमोरच, रस्त्यापलीकडे, त्यांचं घर. पेशाने शिंपी. पण पँटचं माप घेताना गुणगुणायचे आणि आकडा विसरायचे. वाड्यावरच्या निम्म्या पुरुषांच्या पँटी आखूड आहेत, त्या कुठल्या ना कुठल्या कांतारामुळे. कापड बेतायच्या खाकी कागदावर ते गाणी लिहीत. एकाच कागदावर कुणाची तरी बाही आणि दोन कडवी.

तरुणपणी मुंबईला एका बँडमध्ये वाजवायला गेले होते. सहा महिन्यांत परत.

"का हो मेस्त?" मी एकदा विचारलं.

"तिथे लोक जेवत असतात गं. कितीही चांगलं वाजव, 'परत म्हण' कुणी म्हणत नाही. सूप मागतात."

परत आले ते चर्चच्या कोयरात. रविवारी मिस्सा, मे महिन्यात रस्त्यावरच्या खुरसाकडे लादाईनची प्रार्थना, लग्न, मरण, सगळीकडे त्यांचं व्हायोलिन. आणि वर्षातून एकदा फेस्ताचं तियात्र. त्यासाठी ते एक कांतार लिहायचे. तीन कडवी गायकाला, चौथं स्वतःच्या खिशात. लोकांनी 'वन्स मोर' दिला तरच चौथं बाहेर निघायचं. नाही दिला तर संध्याकाळी चुलीत.

"चुलीत कशाला? पुढच्या वर्षी वापरा," मी म्हणायची.

"लोकांनी मागितलं नाही ते वाढायचं नाही. बीए झालीस, एवढं शिकवलं नाही तुला?"

मी मराठी घेऊन बीए झाले, याची त्यांना फार मजा वाटे. यमक अडलं की घरापुढच्या सोप्यावरून हाक मारत. मी सुचवलेलं यमक त्यांनी एकदाही घेतलं नाही.

त्यांची कांतारं रोझेर गायचा. रोझेर बस चालवतो आणि बसच्या हॉर्नइतक्याच पट्टीत गातो. गेल्या वर्षी त्याने लोकांनी मागायच्या आतच चौथं सुरू केलं. मेस्तांनी स्टेजवरच व्हायोलिन मांडीवर ठेवलं आणि रुमालाने चष्मा पुसत बसले. रोझेर एक ओळ गाऊन उभा. म्हणून यंदा चौथं कडवं बंद पाकिटात माझ्याकडे दिलं होतं.

"त्या हॉर्नवाल्याच्या हाताला लागू देऊ नकोस. मागितलं तर दे. नाही तर चुलीत."

ही गोष्ट मंगळवारच्या आदल्या रविवारची.

बुधवारी मेस्तांना पुरलं. गुरुवारी मी पाकीट घेऊन त्यांच्या घरी गेले. आन्जूआंटी काळ्या कपड्यांत पेज ढवळत होत्या. एक्केचाळीस वर्षांचा संसार. दरवर्षी तियात्राला त्या अगदी मागच्या बाकावर बसत. पुढे बसलं की मान दुखते म्हणत.

"आंटी, हे तुम्हीच ठेवा."

"वाचलंस?"

"नाही."

"मग मला कशाला देतेस? चौथं कडवं हातात घेत नाहीत गं, कानात घेतात. दरवर्षी ऐकलंय, हेही ऐकायचंय मला." डोळे पुसून त्या पुढे म्हणाल्या, "आणि मी तर यंदा येऊ शकत नाही. घरात दुखवटा, बायका काय म्हणतील? इथे सोप्यावरून ऐकू येईल तेवढं ऐकेन."

म्हणजे आता सगळं त्या एका 'वन्स मोर'वर होतं.

रविवारी आमच्या घराशेजारचा मंडप भरला. मेस्तांच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. कांताराच्या आधी कमिटीचे अध्यक्ष, दोमिंगोसबाब, माइकवर आले. "मेस्तांना मान म्हणून कुणी टाळ्या वाजवू नयेत, शिट्ट्या मारू नयेत. शांतपणे ऐकावं." लोकांनी माना हलवल्या. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. जो माणूस जन्मभर लोकांच्या ओरडण्यावर जगला, त्याला हे शांततेचा मान देत होते.

रोझेरने तीन कडवी म्हटली. यंदा कधी नव्हे ते हळू म्हटली. ट्रंपेट थांबला. लोक उठून उभे राहिले आणि खाली माना घालून गप्प झाले. ओरडायचं तर पहिल्यांदा कुणीतरी ओरडावं लागतं. एरवी ती पहिली आरोळी मागच्या बाकांकडून यायची. नदीवरच्या फेरीबोटीतली पोरं ओरडतात, असं सगळे म्हणायचे. ती पोरं आजही मागेच होती. तीही माना घालून.

रोझेरने विंगेत माझ्याकडे पाहिलं. मी पाकीट घट्ट धरून मान हलवली. नाही.

पडदा ओढणाऱ्याने दोरीला हात घातला. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या सोप्यावरून आवाज आला. चिरका, रडून बसलेला, पण दणदणीत.

"वन्स मोर!"

सगळ्या माना तिकडे वळल्या.

"मेलात काय सगळे? मेलाय तो! ओरडा!"

मग मंडप फुटला. पोरांनी बाकं बडवली, दोमिंगोसबाबांनी तर शिट्टी घातली. मी पाकीट फाडून खाकी कागद रोझेरच्या हातात दिला. त्याने पहिली ओळ मनात वाचली, सोप्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

मागच्या बाकावरून पहिली हाक येते कुणाची?
सगळ्या गावाला वाटतं, ती तर पोरांची!
आन्जू, आवाज ओळखला मी पहिल्याच वर्षी, हाय!
गप्प बसलो एवढंच, आता लपवू काय?

दुसऱ्या ओळीला पोरं हसली. तिसरीला सगळे वळून सोप्याकडे बघू लागले. आन्जूआंटींनी पदराने तोंड झाकलं होतं. खांदे हलत होते. हसत होत्या की रडत, इतक्या लांबून मला कळलं नाही.

"वन्स मोर!" आता अख्खा मंडप ओरडला.

पाचवं कडवं नव्हतंच. रोझेरने माझ्याकडे पाहिलं. मागितलं तर दे, एवढंच मला सांगितलेलं होतं. मी मान हलवली. हो.

त्याने चौथंच परत म्हटलं. त्याच्या नेहमीच्या हॉर्नच्या पट्टीत, रस्त्यापलीकडे नीट ऐकू जावं म्हणून.