मगरीचं कुळ आणि वानराचं बाळ

दुपारचा मक्याचा साद्झा पोटात गेला की मुचानेताचा मोपानीच्या सावलीत डोळा लागायचा, आणि डोळा लागला की नदी यायची. खरी लिंपोपो गावापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पण झोपेतली नदी शहाणी. अंगणात शिरताना कोंबड्यांना बाजूला करायची, मडकी न हलवता चुलीला वळसा घालायची. तिच्यातून एक मोठी मगर यायची, उंबऱ्याबाहेर जावयासारखी अदबीनं थांबायची, आणि तिच्या पाठीवर एक ओलं, चमकणारं बाळ बसलेलं असायचं.

जागी झाली की मुचानेता हे अख्ख्या गावाला सांगायची. वर म्हणायची, ‘आमच्या घरचीच आहे ती.’

घरची, कारण तिचा नवरा चामुनोर्वा मगरीच्या कुळातला. त्या कुळाची माणसं मगरीचं मांस तोंडाला लावत नाहीत, आणि ही गोष्ट मगरीला ठाऊक असते असं मानतात. चामुनोर्वानं नदीपलीकडच्या देशात, संत्र्यांच्या बागांत उमर घालवली. पासपोर्ट नावाचा कागद त्यानं जन्मात पाहिला नाही. नदीकाठी उकिडवं बसायचं, तळवे जुळवून हलकेच टाळ्या वाजवायच्या, पूर्वजांची नावं घ्यायची आणि निघायचं. एकदा तर डोक्यावर रेडिओ घेऊन आला, तोही वाजत. शेवटी मेला तो आपल्याच झोपडीत, खोकल्यानं. मुचानेताला याहून मोठा पुरावा नको होता.

म्हणून तर तिनं लेकीला बोलावलं होतं. रुदाइरो पलीकडे टोमॅटोच्या मळ्यात कामाला, नवरा तोगारेपीही तिथेच, दोघंही बिनकागदाची. पोटुशी होती, दिवस भरत आले होते, आणि पहिलं बाळंतपण आईच्याच घरी व्हायला हवं ही रीत. पुलावर पोलीस. तेव्हा मळ्यातल्या काही लोकांबरोबर, एकमेकांचे हात धरून, पाण्यातून यायचं ठरलं. ‘ये गं,’ मुचानेता फोनवर म्हणाली होती, ‘आपलंच पाणी आहे.’ जानेवारी चालू होता, म्हणजे इथला भर पावसाळा.

मंगळवारी टोळी निघणार, तर रविवारी सकाळी मुचानेता शेणानं झोपडी सारवत होती. तेवढ्यात नेत्साई आली. नेत्साई म्हणजे या घराची साह्विरा. साह्विराचं नातं आज्या-पणज्यांपासून चालत येतं आणि तिच्या जिभेला फाटक नसतं. मयताच्या घरी सगळे रडत असताना ती मेलेल्याची टोपी घालून त्याच्यासारखी चालून दाखवते, लोकांना हसवते, आणि तिच्या बोलण्याचा राग धरायचा नसतो. चामुनोर्वाच्या मयताला तिनं त्याचा खोकला इतका हुबेहूब काढला होता की एक म्हातारी दचकून पळाली.

‘काय रुदाइरोच्या आई, एवढी सारवासारव कशाची?’

‘लेक येतेय.’

‘नदीतून?’

‘नाही, विमानातून. राणीच आहे ना ती!’

‘पाणी चढलंय म्हणतात. आणि झुडपांत गुमागुमा टपलेत. वाट दाखवतो म्हणतात आणि फोन, चपला, अंगावरचं लुगडंसुद्धा काढून घेतात मेले. बाईमाणूस असलं तर तेवढ्यावर थांबत नाहीत.’

‘ती चामुनोर्वाची लेक आहे. मगर तिला शिवायची नाही.’

‘मगर नाही शिवायची. आणि पाणी? पाण्याचं कुळ कोणतं गं?’

‘तुझी जीभ झडो!’

‘झडू दे. मग तुझ्या मयताला हसवायला पुलावरचा पोलीस बोलाव.’

असं म्हणून नेत्साई, एवढी थोराड बाई, सारवलेल्या ओल्या जमिनीवर पालथी पडली. मुचानेता किंचाळली. नेत्साई कोपरांवर सरपटत पुढे आली, डोळे अर्धे मिटून घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘थांब गं पोरी. मी मगर. तू कोण?’

साह्विरानं खेळ मांडला की नाही म्हणता येत नाही. मुचानेतानं हातातलं शेण झटकलं. ‘मी चामुनोर्वाची लेक.’

‘अगंबाई, आपल्यातलीच की! जा, जा, वाट मोकळी आहे. पण थांब. पोटात काय?’

‘बाळ.’

‘कुणाचं?’

‘तोगारेपीचं.’

‘त्याचं कुळ कुठलं?’

लेकराला कुळ मिळतं ते बापाचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

‘वानराचं!’ नेत्साईनं दातांवर दात आपटले. ‘आणि वानर खाणार नाही अशी शपथ मी कुठं घेतलीय?’

मुचानेता हसली. हसता हसता भिंतीला टेकली. मग हसू कुठेतरी गेलं आणि ती ओल्या शेणात उमटलेल्या त्या लांबलचक ठशाकडे बघत राहिली.

गावात फोनला रेंज फक्त मोठ्या वारुळावर. मुचानेता वर चढली. आकाश खाली आलं होतं, ढग गुरांसारखे दक्षिणेकडे चालले होते.

‘येऊ नकोस,’ ती म्हणाली.

‘आई? अगं, तूच तर... आणि रीत?’

‘रीत माझी मी बघते.’

‘मला तुझ्याजवळच यायचं होतं गं.’

फोनमध्ये नुसती खरखर होती, पाणी वाहावं तशी. मुचानेतानं डोळे मिटले. ‘पोरी, तुझा बाप पावसाळ्यात कधी गेलाच नाही. हिवाळ्यात जायचा. वाळूतून. घोट्याएवढं पाणी असायचं. मगरसुद्धा दुसऱ्या डोहाला गेलेली असायची.’

नेत्साई वारुळाखाली उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पुलावरून पलीकडे रिकामी जाणारी सामानाची गाडी आली, तेव्हा नेत्साईनं ती रस्त्यात आडवी उभी राहून थांबवली. रुदाइरो ज्या चटईवर जन्मली ती गुंडाळून आत टाकली. ‘टोमॅटोच्या मळ्यावर पोचव, हिला पासपोर्ट लागत नाही,’ ड्रायव्हरला म्हणाली, ‘आणि तोंड वाकडं करू नकोस, आधीच वाकडं आहे.’

टोळी मंगळवारी ठरल्याप्रमाणे निघाली, रुदाइरोशिवाय. मधल्या धारेत हातांची साखळी सुटली. जे काठाला लागले ते अनवाणी, अंगावर धड कपडा नसलेले आले. रुदाइरोच्या शेजारच्या ओळीत टोमॅटो तोडणारी एक पोरगी आली नाही. तिच्या आईचं गाव कुठलं, हेसुद्धा कुणाला सांगता येईना.

रुदाइरो पलीकडच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी. तोगारेपीचा फोन आला तेव्हा मुचानेतानं आधी पोरीचं वजन विचारलं नाही, नाव विचारलं नाही.

‘चटई खाली घातली होती ना?’

‘नर्स नको नको म्हणत होती. आम्ही घातलीच.’

‘मग माझ्याच घरी झाली,’ ती म्हणाली, आणि वारुळावरून खाली उतरायला तिला नेत्साईचा हात धरावा लागला.